तेरा नंबरची तार

माझे वडील जन्मात एकदाच वाद्यांच्या दुकानात गेले आणि तिथे त्यांनी दुकानदाराला काही म्हणजे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण आमच्या घरात विचारणं म्हणजे कमीपणा. रस्ता चुकला तरी आम्ही चालत राहू, टपरीवरच्या माणसाला विचारणार नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. नाव पुंजा. नाशिकजवळ मखमलाबादला आमची दीड एकर, त्यात शेवंती, झेंडू आणि बांधाला वांगी. पण अण्णांना लोक ओळखायचे ते फुलांमुळे नाही, तारेमुळे. द्राक्षाच्या बागेला लोखंडी अँगलवर तारांचा मंडप लागतो, आणि ती तार ओढून बसवण्यात अण्णांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. दिंडोरी, निफाड, पार चांदवडपर्यंत त्यांना बोलावणं यायचं. तार ओढून झाली की ते तिच्यावर खिळ्याने टिचकी मारायचे, मान वाकडी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "बोलली." मग पुढच्या ओळीला जायचे.

त्यांच्या पाठीमागे हिंडून दोन गोष्टी मला पाढ्यांसारख्या पाठ झाल्या होत्या. पहिली तारेच्या नंबरची. आठ नंबरची तार सगळ्यात जाड, ती कडेला. दहा नंबर मधे. बारा नंबर बारीक, वरच्या जाळीला. नंबर वाढला की तार बारीक होते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दुसरी गोष्ट दगडाची. मंडपाच्या चारी बाजूंना जमिनीत दगड पुरून त्यांना तारा बांधलेल्या असतात. सगळा ताण त्या दगडांवर. अण्णा प्रत्येक बागवाल्याला बजावायचे, "तार सैल पडली तर तार ओढू नका. आधी दगड बगा. दगड उपटत आसंल."

१९९५च्या फेब्रुवारीत चांदवडकडचा एक मंडप ऐन मालात जमिनीवर बसला. मंडप अण्णांनी ओढलेला. बागवाल्याने खर्च वाचवायला निम्मेच दगड पुरले होते, आणि अण्णांनी तेव्हाच त्याला हे तोंडावर सांगितलं होतं. पण माल मातीत गेल्यावर तो गावभर सांगत सुटला, पुंजानं तार जास्त ओढली, पुंजाचा हात आता पहिला राहिला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. पावसाळा संपला, नव्या मंडपांचे दिवस आले, आणि आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. अण्णा भांडले नाहीत. रोज संध्याकाळी तार ओढायचा पाना तेल लावून पुसायचे आणि परत खुंटीला अडकवायचे. ते बघून मला रडू यायचं आणि रागही यायचा. राग कुणाचा ते मात्र सांगता यायचं नाही.

त्याच वर्षी माझ्या हातात गिटार आली.

मी नववीत होते. शाळेत आम्हाला इंग्रजीला पारधेबाई होत्या. शरणपूरला एकट्या राहायच्या, चर्चजवळ. त्यांच्याकडे एक जुनी, लहान अंगाची गिटार होती. कमरेत बारीक, खोकं इतकं छोटं की माझ्या मांडीवर मांजर बसल्यासारखी बसायची. त्यांच्या आईला कुण्या मडमेने विलायतेला परत जाताना दिलेली. बाई दर नाताळला ती चर्चमध्ये वाजवत. माझी बोटं लांब आहेत असं त्यांना वाटलं आणि शाळा सुटल्यावर त्या मला शिकवायला लागल्या. फुकट. शेवंतीची एक जुडी नेली तरी रागवायच्या.

दिवाळीनंतर बाईंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नगरला बहिणीकडे जायचं होतं. दीड महिना. जाताना गिटार त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "छाया, बंद घरात ठेवली तर कसर लागेल. तू रोज वाजव. नाताळच्या आधी मी येते. आईचं माझ्याकडे एवढंच आहे."

मी गिटार सायकलच्या कॅरिअरला गोधडीत गुंडाळून बांधली आणि चालत घरी आणली. सायकलवर बसायची हिंमत झाली नाही.

पंधरा दिवसांत सगळ्यात बारीक तार तुटली. उरलेल्या पाचही गंजलेल्याच होत्या. मी बाईंना पत्र टाकलं. उत्तर आलं ते बहिणीच्या हातचं, कारण बाईंच्या डोळ्याला पट्टी होती. पत्र अजून माझ्याकडे आहे. त्यात लिहिलं होतं, "सहाच्या सहा बदल. नंबर मला ठाऊक नाही, माझा भाऊ मुंबईहून आणायचा आणि तो आता नाही. पण सगळ्यात बारीक संच घे. ही गिटार जुनी आणि नाजूक आहे, तिला बारीक तारच सोसते. जाड तार चढवलीस तर आधी पोट फुगेल, मग घोडी उपटेल. घोडीच्या मागे मोजपट्टी आडवी ठेवून बघत जा. पट्टी डुगडुगली तर समज की पोट वर येतंय." घोडी म्हणजे गिटारच्या पोटावर, म्हणजे वरच्या फळीवर, चिकटवलेली लाकडी पट्टी, जिच्यात तारांची टोकं अडकवतात.

मी ते पत्र अण्णांना वाचून दाखवलं. किती महिन्यांनी त्यांचे डोळे लकाकले! तारेचं काम होतं ना.

"आपल्याला तारंचं कोन शिकवनार," ते म्हणाले, आणि धुतलेला सदरा घालून तयार झाले.

नाशकात रविवार कारंजाजवळ शामसुंदरशेठांचं वाद्यांचं दुकान होतं. माल म्हणजे पेट्या, तबले आणि भजनी मंडळांचे टाळ. गिटारचं गिऱ्हाईक त्यांना वर्षाकाठी चार. गिटारच्या तारा त्यांनी खाकी पाकिटांत घालून ठेवल्या होत्या आणि पाकिटावर पेन्सिलीने नंबर. ते एका बुवांना तबला दाखवत होते. आमच्याकडे न बघता त्यांनी पाकिटांचं खोकं पुढे सरकवलं. "दहा, अकरा, बारा, तेरा. कुठला देऊ?"

"तेरा," अण्णा म्हणाले. एका क्षणाचाही विचार नाही.

"तेरा?" शेठनी मान वर केली.

"तेराच. आमी तारंतलीच मानसं हाये, शेठ. आमाला कळतं."

माणूस इतक्या ठामपणे बोलला की कोण कशाला आडवं जाईल? शेठनी पाकीट दिलं आणि तबल्याकडे वळले. अण्णांनी तार बाहेर काढून चिमटीत फिरवली. आयुष्यभर आठ नंबरची तार ओढलेली ती बोटं, त्यांच्या टोकांना घट्टे. त्यांना त्या खोक्यातली कुठलीही तार केसासारखीच लागली असती. "बारीक हाय," ते म्हणाले. मी शेजारीच उभी होते. मीही मान हलवली. नंबर वाढला की तार बारीक, हे मलाही पाठ होतंच की. म्हणजे ती चूक एकट्या अण्णांची नव्हती. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा मोठ्याने म्हणायला हवं होतं.

तारा अण्णांनीच चढवल्या. बाईंनी सूर लावायला सहा भोकांची एक छोटी पिपाणी दिली होती. एकेक भोक फुंकायचं आणि तार त्या सुराला आणायची. मी फुंकायची, अण्णा खुंटी पिळायचे. मान वाकडी करून ऐकायचे. सहावी तार लागली तेव्हा त्यांनी नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, "बोलली." आई भाकरी थापत होती. तिने चुलीपाशी बसल्या बसल्या पदराने डोळे पुसले. फेब्रुवारीनंतर तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच ऐकू आला होता.

मग रोजच सुरू झालं. दिवेलागणीला अण्णा हातपाय धुऊन गिटार समोर घेऊन बसायचे. "फुक गं," म्हणायचे. नवी तार पहिल्या दिवसांत थोडी सैल पडतेच, ती ते परत ओढून घ्यायचे. शेजारचे बहिरूतात्या आले तर त्यांनाही बसवून ऐकवायचे. "चांदवडवाला म्हनतो हात गेला. आइक, बग, हात गेला का ते." तात्या बिचारे तंबाखू मळत मान हलवायचे.

माझी बोटं मात्र सोलून निघाली. आधीच्या तारांवर अशी कधी निघाली नव्हती. मला वाटलं, नवी तार आहे, होत असेल. पाचव्या दिवशी बाईंच्या सांगण्याप्रमाणे कंपासपेटीतली पट्टी घोडीच्या मागे आडवी ठेवली. पट्टी डुगडुगली. एका टोकाखाली पोस्टकार्ड सहज गेलं. सातव्या दिवशी काडेपेटीतली काडी गेली.

मी दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर रविवार कारंजावर गेले. शेठ एकटेच होते. मी म्हटलं, "शेठ, तुम्ही आम्हाला सगळ्यात बारीक संच दिला होता ना? तेरा नंबर?"

"बारीक?" ते म्हणाले. "अगं, तेरा सगळ्यात जाड. यांच्यात नंबर वाढला की तार जाड होते. मला वाटलं, तुझ्या वडिलांना मोठ्या गिटारसाठी पाहिजेत. मी विचारलं पण, तर म्हणाले आम्हाला कळतं."

मी म्हटलं, "मग दहा द्या." पैसे होते माझ्याकडे, शाळेत मिळालेल्या बक्षिसाचे.

"दहाचा एकच संच होता, तो कालच गेला. अकराही नाही. मुंबईहून पार्सल येईल आठ-दहा दिवसांत. तोवर तारा उतरवून ठेव. एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात! त्यांना काय माहीत? तारा उतरवायच्या म्हणजे अण्णांना सांगायचं, अण्णा, तुम्ही तारेत चुकलात. वर्षभरात जी एकच तार त्यांनी ओढली, जिच्यावर टिचकी मारून ते पुन्हा ताठ बसायला लागले, तीच चुकली. तीही नंबरात. बहिरूतात्यांना कळणार, मग गावाला, मग चांदवडला. मी सायकल हातात धरून मखमलाबादपर्यंत चालत आले आणि वाटेत दहा वेळा ते वाक्य जुळवलं. अंगणात आले तर अण्णा पिपाणी पुसत बसले होते. "आलीस का? चल, बस. कालच्यापेक्षा सैल पडल्यात," ते म्हणाले.

मी बसले. पिपाणी फुंकली. ते वाक्य काही तोंडातून निघालं नाही.

माझा बेत मी मनाशी पक्का केला. पार्सल आलं की दहाचा संच आणायचा, अण्णा मळ्यात असताना चढवायचा, आणि तेराच आहेत म्हणून सांगायचं. त्यांच्या बोटांना फरक कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तोपर्यंत रोज सकाळी शाळेत जायच्या आधी खुंट्या सैल करून ठेवायच्या, म्हणजे दिवसभर तरी गिटारला विसावा.

आता आमच्या घरात काय चाललं होतं ते बघा. सकाळी मी सहाही खुंट्या उलट्या पिळायची. संध्याकाळी अण्णा यायचे, टिचकी मारायचे, कपाळाला आठी घालायचे आणि सगळ्या तारा परत ओढायचे. "रोज सैल पडती ही. सोसंल तशी बसंल," म्हणायचे, आणि मंडपाच्या सवयीने वर अर्धा आटा जास्तीचा द्यायचे. मंडपावर पुढे मालाचं ओझं येतं, म्हणून तार आधीच थोडी चढी ठेवायची असते. गिटारवर कसलं ओझं येणार होतं? मी समोर बसून पिपाणी फुंकत राहायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. एक वाक्य बोलले असते की संपलं असतं. ते वाक्य रोज संध्याकाळी जिभेवर यायचं, आणि अण्णा मान वाकडी करून ऐकायला लागले की परत आत जायचं.

आईला मात्र संशय आला. एकदा सकाळी तिने मला खुंट्या पिळताना बघितलं.

"काय करती गं?"

मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ चुलीत फुंकत राहिली. मग म्हणाली, "नको सांगू. कालच्याला पोटभर जेवले ते. लय दिवसांनी." आणि थोड्या वेळाने, "पारसल कधी येनार हाय?"

मग आम्ही दोघी पार्सलची वाट बघायला लागलो. मी दर दोन दिवसांनी दुकानात जायची. शेठ लांबूनच हात हलवायचे, नाही आलं. पट्टीखाली आता दोन काड्या जात होत्या. घोडीच्या मागच्या कडेला केसाएवढी फट दिसायला लागली. मी तीत कागदाचा कपटा घालून बघितला, तो आत गेला. रात्रभर मी त्या कपट्याचा विचार करत पडले. सतरा डिसेंबरला बाईंचं कार्ड आलं. डोळ्याची पट्टी निघाली, दिसतंय छान, वीस तारखेला येते, गिटार वाजवून दाखव.

अठराला मी दुकानात गेले. पार्सल आलं होतं! शेठनी ते माझ्यासमोर सोडलं. दहाचा संच मी दप्तरात इंग्रजीच्या पुस्तकात ठेवला आणि सायकल अशी हाणली की मखमलाबादच्या चढावर धाप लागली. उजेड होता अजून. अण्णा मळ्यातून यायला वेळ होता, त्यांच्या आधी सगळं उरकणार होतं.

दारात आई उभी होती. तिचा चेहरा बघून मी सायकल तशीच सोडली.

अण्णा त्या दिवशी लवकर आले होते. बाई परवा येणार म्हणून गिटार आजच नीट लावून ठेवू, असं त्यांच्या मनात आलं. पिपाणी त्यांनी स्वतःच फुंकली. तारा नेहमीसारख्या सैल होत्या, कारण मी सकाळी त्या सैल करून गेले होते. त्यांनी एकेक तार ओढत आणली. सहावी ओढताना आत काहीतरी कडाडलं आणि घोडी पोटाच्या लाकडाचा ढलपा घेऊन उपटून आली. गिटारच्या पोटाला बोटभर रुंद चीर पडली होती. तारा वेड्यावाकड्या लोंबत होत्या. अण्णांच्या हाताच्या पाठीवर तार लागून रक्त आलं होतं आणि ते त्यांनी पुसलंही नव्हतं.

ते घोडीकडे बघत होते. ओलसर मातीतून निघालेल्या दगडाकडे बघावं तसे.

"दगड उपटला," ते म्हणाले.

मी त्यांच्यापाशी बसले. ते माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत होते. "रोज सैल पडत व्हती. रोज. जगाला सांगतो, सैल पडली तर आधी दगड बगा. अन् मीच ओढत बसलो." मग म्हणाले, "चांदवडवाला खोटं नव्हता बोलत. माझा हातच गेला. त्याचा बी मंडप मीच पाडला आसंल."

मला ते सहन झालं नाही. इतके दिवस न निघालेलं ते वाक्य आता पाण्यासारखं बाहेर आलं. मी म्हटलं, "अण्णा, हात नाही चुकला. नंबर चुकला. गिटारच्या तारेचा नंबर उलटा असतो. तेरा सगळ्यात जाड. तुमचा ताण बरोबर होता. आणि सैल ती पडत नव्हती, मी रोज सकाळी सैल करत होते. म्हणून तर तुम्हाला दगड दिसला नाही. हे बघा, दहाचा संच आणलाय मी." मी पुस्तकातून पाकीट काढून त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी पाकिटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"नंबर उलटा," ते म्हणाले. "जाडीला मोठा नंबर. आसं कुटं आसतं व्हय?"

"असतं अण्णा. शेठना विचारा. चला, आत्ता जाऊ."

"तू सांगून ठिवलं आसशील त्याला." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रक्त लागलेला हात. "लय गुनाची हायेस पोरी. पन बापासाठी खोटं बोलू नको."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "आवो, खरं सांगती ती. मला म्हाइत होतं." अण्णांनी नुसती मान हलवली. दोघी मिळून आपल्याला समजावतायत, एवढंच त्यांना दिसलं. खरं बोलायची एक वेळ असते. ती मी तीन आठवडे रोज घालवली होती, आणि आता माझं खरं कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

वीस तारखेला आम्ही तिघंही शरणपूरला गेलो. बाईंनी काळा चष्मा काढला आणि त्या उपटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मी त्यांना सगळं सांगायला तोंड उघडलं, पण अण्णा आधीच हात जोडून उभे होते. "बाई, माझ्या हातून झालं. तार जास्त ओढली मी."

बाईंनी अण्णांकडे बघितलं. त्या समजूतदार होत्या, आणि तिथेच घात झाला. "जुनं लाकूड होतं, पुंजाभाऊ," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या होणारच होतं. तुमचा काही दोष नाही." त्यांनी आम्हाला चहा दिला.

येताना अण्णा म्हणाले, "समदे मला समजावाया लागले. म्हंजे माझंच चुकलं."

त्या नाताळला बाईंनी चर्चमध्ये काही वाजवलं नाही. गिटार त्यांनी तारांशिवायच भिंतीवर अडकवली. दुरुस्तीला मुंबईला पाठवायची म्हणत राहिल्या, ते राहून गेलं. पुढच्या वर्षी त्या कायमच्याच नगरला गेल्या. मला मात्र कधी रागावून बोलल्या नाहीत. मी दोनदा पत्रातून सगळं लिहून कळवलं. उत्तरात त्यांनी लिहिलं, त्या जाड तारा बघून मला ते त्याच दिवशी कळलं होतं, तुझे वडील कसे आहेत?

वडील फुलं करत होते. तार त्यांनी परत धरली नाही. ९८-९९ नंतर चांदवडच्या त्या बागेतले दगड उकरून कुणीतरी बघितले, निम्मेच निघाले, आणि गावात बोलणंही फिरलं. दोन-तीन जण मंडपासाठी बोलवायला आले. अण्णांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "हात गेला माझा," ते शांतपणे म्हणायचे. पाना त्यांनी दुसऱ्या एका मंडपवाल्याला देऊन टाकला होता.

मी शिकले, जिल्हा परिषदेत लागले. २००७ साली स्वतःच्या पगारातून एक गिटार घेतली, बाईंच्या गिटारसारखीच लहान अंगाची. आता नाशकात गिटारची दुकानं झाली होती, पाकिटांवर नंबर छापलेले असत आणि तिथला मुलगा न विचारता सगळं समजावून सांगायचा. मी ऐकून घेतलं. त्याच्यापाशी मला काही सांगवलं नाही.

संच घेऊन मी मळ्यात गेले. अण्णा शेवंतीची फुलं निवडत बसले होते. आता पासष्टी गाठलेली, पाठीला बाक. मी त्यांच्यापुढे गिटार ठेवली आणि म्हटलं, "अण्णा, तारा चढवायच्यात. मी पिपाणी फुंकते, तुम्ही ओढा."

ते गिटारला हात न लावता नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "कितीच्या आनल्या?"

पाकिटावर मोठ्या आकड्यात दहा छापलेलं होतं. मी त्या आकड्यावर अंगठा ठेवला.

"तेराच घ्यायच्या," ते म्हणाले. "बारीक आसतात. येवढीशी गिटार, तिला बारीकच सोसतील."

"तेराच आहेत," मी म्हटलं.

"मंग चांगलं झालं." त्यांनी दोन्ही हात पाटीतल्या फुलांत घातले, पार मनगटापर्यंत. "पन ओढायला दुसऱ्या कुनाला तरी सांग, छाया. माझ्या हाताला ताण कळत नाय."

मी बांधावर बसून सहाही तारा एकटीनेच लावल्या. शेवटची लागली तेव्हा मी नखाने टिचकी मारली. अण्णांची मान जुन्या सवयीने वाकडी झाली आणि तशीच थोडा वेळ राहिली. मी थांबले. मग त्यांनी मान सरळ केली, पाटी उचलली आणि ते शेवंतीच्या पुढच्या ओळीत गेले.